बहात्तर सालचे अण्णा

कर्वेनगरात एखादी गोष्ट ‘क्लासिक’ आहे की नाही, हे आमच्या पहिल्या मजल्यावरचे अण्णा ठरवतात. हा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. पुण्यात असले अधिकार मागत बसायचं नसतं, सरळ वापरायला लागायचं.

अण्णांचं सालही ठरलेलं आहे : १९७२. ‘पिंजरा’ बहात्तरचा, ‘सखाराम बाइंडर’ बहात्तरचं, ‘घाशीराम कोतवाल’ बहात्तरचं आणि बजाजची चेतकही बहात्तरचीच. यादी खरी असल्यामुळे वाद घालायची पंचाईत. एकदा मी नेट लावून म्हटलं, “अण्णा, बहात्तरला दुष्काळही पडला होता.”

“हो, पण काय दुष्काळ होता! तसा पुन्हा पडला नाही.”

आतून काकू म्हणाल्या, “मिलोची लाल भाकरी बघून ताटावरून उठायचात म्हणे. सासूबाईंनी सांगितलंय मला.”

‘घाशीराम’चा विषय निघाला की अण्णा उभेच राहतात. १६ डिसेंबर, भरत नाट्य मंदिर, आगाश्यांचा नाना, चंदावरकरांचं संगीत आणि ती माणसांची डोलणारी भिंत. जब्बार पटेलांना ते नुसतं ‘जब्बार’ म्हणतात. ओळख नाही, पण नाटक क्लासिक झालं की दिग्दर्शक आपोआप घरचा होतो. परवा त्यांनी कौतुकानं फाईल काढली. प्लॅस्टिकच्या कव्हरात नाटकाच्या पन्नाशीनिमित्त आलेला लेख, ‘अजरामर’खाली लाल रेघ. कव्हर उलटं केलं तर मागच्या बाजूला पिवळं पडलेलं वाचकांचं पत्र : नाना फडणविसांची बदनामी करणारं हे नाटक तत्काळ बंद करा. खाली सही अण्णांची. नाटक तेव्हा खरंच थांबलं होतं. १९७४ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमीनं ते पुन्हा उभं केलं.

“हे काय, अण्णा?”

“तेव्हा ते नवीन होतं,” अण्णा शांतपणे म्हणाले.

मला तर यात काही खोट दिसत नाही. अख्ख्या गावानं जे केलं, ते अण्णांनी निदान फाईल करून ठेवलं. १९८८ मध्ये त्यांनी ‘अशी ही बनवाबनवी’ला थिल्लर म्हटलं होतं, आता टीव्हीवर लागला की नटांच्या आधी यांचे ओठ हलतात.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा अण्णांनी जिन्यात पेढे वाटले. मी विचारलं, “गाथासप्तशती वाचलीत का?” ते म्हणाले, “क्लासिक वाचायचं नसतं रे, घरात असावं लागतं.”

त्यांची चेतकही तशीच पार्किंगमध्ये असते. कित्येक वर्षांत सुरू झालेली नाही. सीटखाली मांजरीची दोन बाळंतपणं झाली. बंद गाड्या हलवण्याची नोटीस सेक्रेटरींनी लावली, तर अण्णांनी तिच्यावर पेनानं लिहिलं : ‘क्लासिक वाहने वगळून.’

गेल्या महिन्यात मुलानं नवी, विजेवरची चेतक आणली. अण्णांनी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. “आवाज नाही, किक नाही, रुसली तर आडवी करून सुरू करायची सोय नाही. थिल्लर!”

मुलगा वैतागला. “मग परत करू का?”

“छे! कव्हर घालून ठेव,” अण्णा म्हणाले. “वीसेक वर्षांनी बघू.”