फाइल ट्रेस होत नाहीये!

घरासाठी कर्ज घेताना आपण बँकेत काय काय दिले, ते आठवून पाहा. मूळ करारनामा, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काची पावती, बिल्डरचे ना हरकत पत्र, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटी झाली असेल तर शेअर सर्टिफिकेट. एका पानावर सही राहिली, तर कर्जाचा चेक अडला होता. पुढे वीस वर्षे हप्ते भरले. एखादा हप्ता चार दिवस लांबला, की बँकेला आपला, बायकोचा आणि सहकर्जदार मेव्हण्याचा नंबर तोंडपाठ असायचा. मग एकदाचे कर्ज फिटते, आपण पेढ्यांचा पुडा घेऊन मूळ कागद आणायला जातो आणि बँक म्हणते, "फाइल ट्रेस होत नाहीये."

बावधनमधल्या एका काकांनी हे वाक्य नुकतेच ऐकले. समोरचा साहेब मुलाच्या वयाचा.

"काका, टेन्शन घेऊ नका. नो ड्यूज दिलंय ना? घर तुमचंच आहे."

"आणि कागद?"

"ते सेंट्रल व्हॉल्टला असतात. रिक्वेस्ट टाकलीये. पंधरा दिवसांनी फोन करा."

"फोन मी करायचा?"

"हो, म्हणजे फॉलोअप राहतो."

हप्ता चुकला तर फोन बँकेने करायचा आणि कागद चुकले तर आपण, अशी ही कामाची न्याय्य वाटणी आहे.

काका पडले बावधन बुद्रुकचे. तालुका मुळशी, म्हणून तहसील कचेरी पौडला. २०२१ पासून गाव पुणे महापालिकेत. पोलीस ठाणे मात्र पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. म्हणजे हरवलेला कागद शोधायला निघालेला माणूस स्वतः कोणाच्या हद्दीत हरवला, हेच आधी ठरवावे लागते. दस्त कोणत्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवला, ते इंडेक्स टूवर लिहिलेले असते आणि इंडेक्स टू त्याच फाइलीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये बावधनजवळच्या चांदणी चौकातला जुना पूल स्फोटाने पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या उड्डाणपुलाचे उद्घाटन झाले. दहा महिन्यांत एवढे होऊ शकते. कपाटातली फाइल काउंटरवर यायला मात्र काळाचे असे बंधन नाही, अशी बँकेची समजूत दिसते.

बंधन आहे. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला परिपत्रक काढले आणि १ डिसेंबर २०२३ पासून त्यातले नियम लागू आहेत. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले किंवा खराब झाले, तर प्रमाणित प्रती मिळवून द्यायला बँकेने मदत करायची आणि खर्चही तिनेच सोसायचा. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. ६१व्या दिवसापासून मीटर सुरू. महिन्याचे दीड लाख झाले! बावधनमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने देऊन एवढे मिळत नाहीत. घरापेक्षा घराचा हरवलेला कागद जास्त कमावतो, ही गुंतवणूक अजून कोणा एजंटाच्या लक्षात कशी आली नाही?

हे परिपत्रक निघायच्या आधीची गोष्ट ऐका. बंगळुरूच्या एका ग्राहकाचे मूळ कागद २०१६ साली आयसीआयसीआय बँकेने हैदराबादच्या साठवणुकीच्या ठिकाणी पाठवले आणि ते वाटेतच गहाळ झाले. बँकेने बोट दाखवले कुरियरवाल्याकडे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ते ऐकले नाही आणि २०२३ मध्ये २५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. फक्त त्यासाठी ग्राहकाला सात वर्षे घालवावी लागली.

तेव्हा काकांना आमचा सल्ला एकच: बँकेशी बँकेसारखे वागा. तोंडी काही ऐकू नका. शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला भरला, ते लिहून कागदांची मागणी करा आणि पोच घ्या. फाइल सापडत नाही, हे बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागा. साहेब चुळबुळ करतील, कारण "ट्रेस होत नाही" हे बोलायचे वाक्य आहे, लिहायचे नव्हे. कागद बँकेने हरवले, तेव्हा पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीसही बँकेलाच द्यायला लावा. ही नोटीस टाळू नका. मूळ कागद भलत्याच्या हाती लागून दुसऱ्या बँकेत गहाण पडू नये, यासाठी ती असते. दुय्यम निबंधकाकडून दस्ताची प्रमाणित प्रत घ्या. दस्त क्रमांक आठवत नसेल, तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये शोधा. सेरसाईवरचा, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतला, बोजा उतरला का, तेही पाहा. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

हे सगळे कशासाठी, घर तर आपलेच आहे ना? आहे. पण उद्या ते विकायला काढाल, तेव्हा घेणाऱ्याची बँक विचारेल, "मूळ कागद कुठे आहेत?" कदाचित तीच बँक विचारेल.

ज्यांचे हप्ते अजून चालू आहेत, त्यांनी कर्ज फिटायची वाट पाहू नये. जमा केलेल्या कागदांची सही-शिक्क्याची यादी याच आठवड्यात मागून घ्या आणि सगळ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती घरी ठेवा. साहेब म्हणाले, "एवढा अविश्वास कशाला, आमच्यावर विश्वास ठेवा," तर नम्रपणे सांगा, "साहेब, विश्वासावर चालत असतं, तर तुम्ही आमचे कागद कशाला ठेवून घेतले असते?"