अर्जनवीस यंत्र

१९४९ साली उल्हासनगर हे नाव धारण केलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीत, सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ज्या पेठा उभारल्या, तेथील नकली मालाचा विक्रेता निदान डोळा मिचकावीत असे. पुढील शब्दाचा अदमास घेत अस्खलित मजकूर प्रसवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषायंत्रास ते सौजन्यही ठाऊक नाही. अंबरनाथच्या शिवालयातील शके ९८२ चा झिजलेला शिलालेख ते अक्षरही न पाहता वाचून दाखवील. तथापि लाभ निर्विवाद आहे: बदलापूर लोकलमध्ये लोंबकळणारा चाकरमानी तहसील कचेरीचा अर्ज आता एका अंगठ्याने लिहवितो. उद्या कारकुनानेही तेच यंत्र जवळ केले, की अर्ज व त्याची नामंजुरी एकाच लेखणीतून उतरतील. मुद्रांक तेवढा अर्जदाराच्या खिशातून.