बातमीबंदीच्या कलमास खुले पत्र

प्रति,
सामुदायिक रेडिओच्या नियमावलीतील बातम्या आणि राजकारण यांना मनाई करणारे कलम,
मुक्काम नवी दिल्ली.

कलमसाहेब,

२००६ पासून तुम्ही आमच्या भल्याची काळजी वाहता आहात, त्याबद्दल डहाणू-तलासरीकडून आधी आभार. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा तो निकाल. त्यानंतर अकरा वर्षांनी सरकारने स्वयंसेवी संस्थांना छोटी रेडिओ केंद्रे काढू दिली आणि नव्या नवरीबरोबर पाठराखीण धाडावी तसे तुम्हाला सोबत धाडले. ५० वॉटचा प्रक्षेपक, दहाएक किलोमीटरचा पल्ला, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांनी केलेले, भाषा त्यांच्या तोंडची. हे सगळे उत्तम. त्यात तुमची एकच अट: बातम्या नकोत, चालू घडामोडी नकोत, राजकारण तर नकोच. आकाशवाणीच्या बातम्या मात्र कानामात्रा न बदलता ऐकवता येतात. म्हणजे कासा किंवा तलासरीत उद्या कोणी केंद्र काढले, तर त्यावरून दिल्लीचे मंत्रिमंडळ कळेल आणि तलासरीची नगरपंचायत कळणार नाही. तारपा मात्र हवा तेवढा वाजवा!

गाणे आणि पंचायत यांचा एकमेकांशी संबंध नाही, असा तुमचा समज दिसतो. इकडे तो टिकत नाही. वारल्यांच्या लग्नात सवासिनी भिंतीवर देवचौक लिहितात आणि धवलेरी गाते तेव्हा लग्न लागते. हे गाणे तुमच्या हिशेबी निखळ संस्कृती. पण त्याच लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवरा वर्षानुवर्षे, कित्येकदा बायकोसकट, त्याच्या घरी राबत असे. त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरीला हजारो वारली जमले आणि किसान सभेच्या गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साक्षीने त्यांनी वेठ नाकारली. आता गाणे वाजवायचे आणि लग्नगड्याचा उल्लेख आला की बटण बंद करायचे, असे करायचे का? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे गंजाडचे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे अभिमानाने सांगता येईल. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाल्यावरही साड्या-चादरींवर छापल्या जाणाऱ्या नाचऱ्या आकृत्यांचे पैसे कोणाच्या खिशात जातात, असे विचारले की मात्र ती चालू घडामोड. गंमत म्हणजे तुमच्याच सरकारचा १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार देतो. डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुके त्या क्षेत्रात येतात. कायद्याने संस्कृती ग्रामसभेच्या ओटीत घातली आणि तुम्ही ग्रामसभेतला वाद रेडिओबाहेर ठेवता. तुम्ही दोघे एकाच शहरात राहता, तर एकदा भेटून घ्या.

तुमच्या बाजूने सांगण्यासारखे एक कारण आहे आणि ते हलके नाही. हा सीमेवरचा, गरिबीचा, अनेक बोलींचा मुलूख. एक चुकीची बातमी माथी भडकवील. रवांडात १९९४ साली रेडिओने वंशसंहाराला कशी चिथावणी दिली ते जगाला ठाऊक आहे. पण तो रेडिओ गावकऱ्यांचा नव्हता, सत्तेच्या वर्तुळातल्या माणसांचा होता. आणि आमचा इतिहास काय सांगतो? १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला हजारो वारली जमले, ते गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई जमीनदारांच्या माणसांनी उठवली म्हणून. खरे-खोटे तपासायला साधन नव्हते. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्यात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार केले. त्याआधी कितीतरी दिवस मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. तिथे उपरोध चालत नाही, म्हणून सरळच विचारतो: दोन्ही वेळी बातमी जास्त झाली होती की कमी पडली होती? बातमी बंद केल्याने गाव गप्प बसत नाही. ते मिळेल त्यावर विश्वास ठेवते. आपल्या बोलीत, ओळखीच्या आवाजात कोणी 'ही अफवा आहे' असे सांगितले असते तर ती हत्या टळलीच असती, असा दावा मी करणार नाही. पण तसे सांगण्याची मोकळीक असणारा जवळचा आवाज तुम्ही नियमानेच नाकारलेला आहे.

राजकीय पक्ष केंद्र बळकावतील, हा तुमचा दुसरा धसका. पक्षांना आणि त्यांच्या संलग्न संघटनांना परवाना मिळतच नाही, हे तुमच्या शेजारच्याच कलमात आहे. परवानाधारकाचे नाव-गाव तुमच्या दप्तरी असते, कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागते. मोबाइलवर अफवा पुढे ढकलणाऱ्याकडून यांतले काय मागता? छापील वर्तमानपत्राला डहाणूचे राजकारण वर्ज्य नाही, वाहिन्यांना तर चोवीस तास भांडणाची मुभा. मनाई मात्र रेडिओला, जो वाचता न येणाऱ्यालाही कळतो. नेपाळमध्ये रेडिओ सगरमाथा १९९७ पासून चालू आहे, बातम्या देतो, आणि देश जागेवर आहे.

तुम्ही अगदीच निष्ठुर नाही, हेही नोंदवतो. स्थानिक प्रशासनाने दिलेल्या पाणी, वीज आणि आपत्तीच्या सूचना सांगायला तुमची हरकत नसते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसत आहेत, तेव्हा ही सवलत मोठीच. पण नळाला उद्या पाणी नाही हे सांगायचे, का नाही हे नगरपरिषदेला विचारायचे नाही. धक्का बसला हे सांगायचे, घरे पक्की करण्यासाठी आलेला पैसा कुठवर पोचला हे नाही.

शेवटी एक शंका. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या इथल्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. आता नारळी पुनवेला कोणी समुद्राचे गाणे म्हटले आणि कडव्यात बंदर आले, तर तो सण की घडामोड? पहिले कडवे लावून दुसरे गाळायचे, की चाल ठेवून शब्द काढायचे? खुलासा लेखी पाठवा. इथल्या एखाद्या केंद्रावरून सांगाल तर ती बातमी ठरेल.

आपला,
डहाणू-तलासरीतला एक श्रोता