कपाळ कुठे संपतं?

कुणाच्या डोक्याला लागलं की चारचौघं "अरेरे" म्हणतात. मेडिकल कोडर विचारतो, "केसांच्या आत की बाहेर?"

आमच्या सोसायटीत असा एक आहे. मूळचा कोल्हापूरचा, शिकलेला बी.एच.एम.एस., पण साबुदाण्याच्या गोळ्या सोडून रोज ऐरोलीला जातो आणि अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांच्या फायली वाचतो. डॉक्टरने जे लिहिलं त्याला आयसीडीचा कोड लावायचा, म्हणजे तिकडची विमा कंपनी पैसे सोडते. टेक्सासात कुणी बाथटबमध्ये घसरतं, त्याची खोक हा ऐरोलीत निस्तरतो. कोडर झाल्यापासून एकाही डोक्याला त्याने हात लावलेला नाही, पण टेंगूळ म्हणायचा अवकाश, "एस झिरो झिरो पॉइंट झिरो थ्री एक्स ए" सुरू. खरचटलं तर एस००.०१, खोक पडली तर एस०१.०१. शेवटचा ए म्हणजे उपचार चालू. टाके काढायला गेलात की त्याचा डी होतो. मधला एक्स काहीच सांगत नाही, नुसती जागा अडवून बसतो. "दर ऑफिसात एक असतो," असं तो म्हणतो. कुणाकडे बघून, ते सांगत नाही.

गणपतीत चौथ्या मजल्यावरचे काका माळ्यावरून मखर काढत होते. फळी डोक्यात पडली. काका पूर्ण टकले. काकू हळद घेऊन धावल्या, मी रिक्षा बघायला निघालो, हा मात्र काकांपुढे उकिडवा बसला. कारण कपाळावरची खोक एस०१.८१ मध्ये जाते आणि केसांखालच्या कातडीची एस०१.०१ मध्ये. केसवाल्यांचं सोपं असतं. काकांची हद्द कधीच पुसली गेलेली.

"काका, भुवया वर करा."

"मेल्या, रक्त येतंय!"

"करा तर खरं. आठ्या संपतात तिथे कपाळ संपतं."

काकांनी भुवया वर केल्या. खोक शेवटच्या आठीच्या बोटभर वर निघाली. वाद मिटल्याचं समाधान फक्त त्याच्या एकट्याच्या तोंडावर होतं.

"बहुतेक फळीची कडच लागली," काकू म्हणाल्या.

"काकू, ओपीडीत बहुतेक चालत नाही."

त्याचा हा तिरसटपणा नव्हे, नियमच आहे. बाहेरच्या रुग्णाच्या कागदावर डॉक्टरने 'बहुतेक' किंवा 'संशय' लिहिला, तर त्या आजाराचा कोड देता येत नाही. दिसली ती लक्षणं द्यायची. दाखल झालेल्या रुग्णाला घरी सोडतानाही डॉक्टरचं 'बहुतेक' कायम असेल, तर मात्र खपतं. घरातही हाच कायदा. बायको म्हणाली, "आई बहुतेक रविवारी येतील," की हा रविवारची भाजी आणत नाही.

इजा कशाने झाली, कुठे झाली, काय करताना झाली, यांचेही कोड असतात, आणि तिथे अमेरिकन माणसाने हात आखडता घेतलेला नाही. बदकाने मारलं तर कोड आहे. दिव्याच्या खांबावर आपटलात, ऑपेरा हाउसमध्ये लागलं, विणकाम करताना लागलं, सगळ्याची सोय आहे. गाय आहे, डुक्कर आहे, रॅकूनसुद्धा आहे. म्हैस नाही. हे सांगताना कोल्हापूरच्या माणसाचा आवाज जड होतो. मखराचं नाव तर सोडाच. काका 'वरून पडलेल्या इतर वस्तू'त गेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोन टाके घातले आणि केसपेपरवर लिहिलं, 'डोक्याला मार'. कोडर मटकन खाली बसला. एवढ्यावर फक्त एस०९.९० मिळतो, म्हणजे 'अनिर्दिष्ट'. ज्या खोकेची जागा त्याने आठ्या मोजून ठरवली, ती अनिर्दिष्ट! शिवाय टाक्यांच्या बिलाचा कोड निराळा, तो लांबीवर चालतो: अडीच सेंटिमीटरपर्यंत एक, २.६ ते ७.५ पर्यंत दुसरा. लांबीचा तर कागदावर पत्ताच नव्हता. आता हे बिल टेक्सासला जाणार नव्हतं, चारशे रुपये काकांनी रोख दिले होते, पण ते त्याला कोण समजावणार?

तेव्हा डॉक्टरमंडळी, कृपा करा. खोक दिसली की जागा लिहा आणि लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. काकांची दीड होती. रिक्षात याने पट्टी लावून मोजली, पण कोडरने मोजलेलं धरत नाहीत.