भूमिकाकार

परभणीत स्टेशन रोडला एका डीटीपीच्या दुकानात, फ्लेक्सच्या गुंडाळ्या आणि लग्नपत्रिकांचे नमुने यांच्या मधोमध एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. तिच्यावर काका बसतात. दुकान त्यांचं नाही, खुर्चीही त्यांची नाही. पण आसपासच्या तालुक्यांत कुणाला पक्ष बदलायचा असला की आदल्या रात्री त्याची गाडी या दुकानापुढे थांबते. गावात काकांना भूमिकाकार म्हणतात.

"काका, उद्या प्रवेश हाय. भूमिका पाहिजे."

काका चष्म्यावरून बघतात आणि एसटीच्या कंडक्टरसारखं विचारतात, "कुठून कुठं?"

एवढं कळलं की त्यांना पुरतं. का चाललात, हे ते कधीच विचारत नाहीत. सोडायच्या पक्षाला 'घुसमट' आणि जायच्या पक्षाला 'मूळ विचार' हे ठरलेलं. घुसमट दोन ओळींत आटपायची. फार लांबवली तर परत यायची पंचाईत. मग 'कार्यकर्त्यांच्या भावनांचा आदर'. विकास अगदी शेवटच्या ओळीत. एका उतावळ्या इच्छुकानं विकास पहिल्याच ओळीत घातला होता. काकांनी लाल पेनानं तो काढून तळाला नेला. "आधी इचार, मंग निधी. उलटं लिव्हलं तर लोकाला खरं वाटंल की!"

पत्रकापेक्षा फ्लेक्सचं काम अवघड. पत्रक पत्रकार वाचतात, फ्लेक्स सगळं गाव वाचतं. वरच्या पट्टीत महापुरुष किती, कोण आणि कुठल्या क्रमानं, यावर काकांइतका अभ्यास विद्यापीठातही कुणाचा नसेल. पूर्णेला फ्लेक्स जाणार असला तर बाबासाहेबांचा फोटो मोजून बघायचा, कुणापेक्षा लहान दिसता कामा नये. जिंतूरकडच्या तांड्यांसाठी सेवालाल महाराज आणि वसंतराव नाईक. गंगाखेडला अहिल्यादेवी पाहिजेतच, आणि जनाबाईंचं गाव म्हणून जनाबाईही. शिवाजी महाराज सगळीकडे मधोमध, त्यावर चर्चा नाही. फुले, शाहू, आंबेडकर हे त्रिकूट पक्ष कुठलाही असो, लागतंच. काका त्याला 'बेसिक' म्हणतात. खाली हात जोडलेले साहेब, त्यांच्याखाली तिकिटांएवढाल्या चौकटींत पन्नास कार्यकर्ते. कॉम्प्युटरवरच्या पोराकडे या सगळ्याचं एक फोल्डर आहे: 'विचारधारा फायनल'. शेजारी 'विचारधारा फायनल 2'. पक्ष बदलला की पट्टी तीच राहते, कोपऱ्यातलं चिन्ह आणि मागचा रंग तेवढा बदलतो. पोराला चहा संपायच्या आत जमतं.

काकांना विचारधारा कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. त्यांना ती नको तितकी कळते. वडील शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे. घरात भिंतीतल्या कपाटात पक्षाचा दाभाडी प्रबंध होता, ज्ञानेश्वरीच्या शेजारी, दोन्हींवर सारखीच धूळ. 1977 ला शेषराव देशमुख शेकापकडून परभणीचे खासदार झाले, तेव्हा वडिलांनी आळीत साखर वाटलेली काकांना आठवते. पुढं 1984 ला शेतकरी संघटनेचं अधिवेशन परभणीत भरलं. काका कॉलेजात होते. शरद जोशींचं भाषण ऐकून आले आणि छातीला लाल बिल्ला लावूनच झोपले. आई म्हणाली, "अरे, टोचंल." बाप मार्क्सवाला आणि पोरगा खुल्या बाजारवाला, रोज रात्री भाकरी खाताना कापसाच्या भावावरून तोंड लागायचं. आपलं घर तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात वैचारिक होतं, असं काका अजून सांगतात.

मग शिवसेनेच्या 'खान की बाण' घोषणेचे दिवस आले. काकांचं अक्षर चांगलं, म्हणून त्यांनी भिंती रंगवल्या. काय रंगवलं, असं विचारलं की ते चहा मागवतात.

या जिल्ह्याचा इतिहासच त्यांच्या धंद्याला पोषक. नव्वदीपासून 1998 चा अपवाद सोडला तर परभणीच्या मतदारानं लोकसभेला शिवसेनाच निवडून दिली. आणि निवडून गेलेले खासदार? त्यातले बरेच पुढे सेना सोडून गेले. माणूस गेला की मतदार नवा माणूस धरायचा आणि बाणावर शिक्का मारायचा. मला यातलं कोडं असं वाटतं की ज्यानं कधी पत्रक काढलं नाही, भाषण केलं नाही, त्या मतदाराला भूमिका होती. आणि भूमिका छापून घ्यावी लागायची ती पुढाऱ्याला. काकांना हे मी बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणून तर पत्रक लागतं. लोकायला कायीच वाटत नसतं, तर आमाला कोन इचारलं असतं?"

पुढं तर मतदाराचीही परीक्षा पाहिली गेली. 2023 च्या फेब्रुवारीत धनुष्यबाण शिंदे गटाला मिळाला. 2024 ला परभणीत लढत लागली ठाकरे गटाची मशाल आणि शिट्टी यांच्यात. इतकी वर्षं दाबलेला बाण यंत्रावर नव्हताच. मतदारानं मशाल शोधून काढली आणि संजय जाधवांना तिसऱ्यांदा दिल्लीला पाठवलं. 'खासदार सेना सोडतो' ही परंपरा मोडणारा हा गडी काकांना धंद्याच्या दृष्टीनं फारसा पसंत नाही.

धंद्याला खरा दणका बसला तो 2022 ला. जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. सदस्य नाहीत, तर बंड कोण करणार? घुसमट कुणाची व्हावी? "प्रशासकाला कुठली आली भूमिका," म्हणत काका त्या काळात लग्नपत्रिकांची प्रुफं तपासायला लागले.

त्यातच त्यांच्या मुलाचं लग्न निघालं. दुसऱ्यांच्या भूमिका लिहिणाऱ्या माणसाच्या घरची पत्रिका म्हटल्यावर दुकानात गर्दी. काकांचं म्हणणं, वर फक्त फुल्यांचा फोटो, लग्न सत्यशोधक पद्धतीनं. थोरल्या जावयाचं म्हणणं, 'जय जिजाऊ' पाहिजे. काकूंनी कुलदैवताशिवाय पत्रिका घराबाहेर पडू देणार नाही असं सांगितलं, आणि व्याह्यांकडून गणपती आला. काकांनी तीन रात्री मसुदे केले. शेवटी कॉम्प्युटरवरच्या पोरानं 'विचारधारा फायनल 2' उघडलं आणि पट्टीत सगळ्यांना बसवलं. मुहूर्ताची वेळ छापायला जागाच उरली नाही. ती पाकिटावर हातानं लिहावी लागली. अक्षर अर्थात काकांचं.

आता निवडणुकांची हवा फिरली की खुर्चीपुढं पुन्हा गाड्या लागतात. परवा सेलूकडचा एक तरुण आला, पंचविशीतला, पायात पांढरे बूट.

"काय लिव्हायचं?" काकांनी कागद ओढला. "घुसमट?"

"घुसमट नको काका. खरं लिहा. तिकीट मिळंना म्हणून चाललोय."

काकांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आरं, लाज बाळग थोडी. बापाच्या वयाच्या लोकायनी काय वाचायचं?"

"कोन वाचतंय, काका? मी स्टेटसला टाकायलोय." त्यानं मोबाइल पुढं केला. काकांनी नाइलाजानं वाचलं. 'तिकिट'चं 'तिकीट' केलं, दोन उद्गारचिन्हं काढली. मग बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"निदान शेवटी 'जय महाराष्ट्र' तरी टाक."

"तिकडं चालंल का ते?"

"सगळीकडं चालतंय," काका म्हणाले.