कंप : निरंक

ज्या जिल्ह्यात प्रत्यक्ष भूमीच आपल्या अंतःकंपाच्या निदानासाठी तज्ज्ञांच्या दारी तिष्ठत उभी आहे, त्या हिंगोली जिल्ह्यातील एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनाने, छातीपासून पोटऱ्यांपर्यंत अहोरात्र चाललेल्या सूक्ष्म थरथरीची फिर्याद कोणाकडे गुदरावी, हा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि हद्दीचा अधिक आहे. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे गावी जमिनीच्या पोटातून गूढ आवाज येतात, हे वृत्तपत्रे कित्येक वर्षे छापीत आली आहेत. नांदेडच्या विद्यापीठातील अभ्यासक येऊन पाहणी करून गेले. कोणी काळ्या बेसाल्टच्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्यावर ठपका ठेवला. पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या मराठवाड्याने पाहिली, त्याची झोप अशा खुलाशांनी परत येत नाही.

माझे दुखणे म्हणाल तर, दोन घरे पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी आणि तिचा हादरा भिंतीवाटे आपल्या पाठीत उतरावा, असे काहीसे आहे. मात्र गिरणी रात्री बंद होते. नांदेडच्या डॉक्टरांनी मला हात पुढे धरावयास लावून पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला, कारण थायरॉइडच्या अतिरेकाने बोटे कापत असली तर कागदाची कड फडफडते म्हणे. मंत्रालयात मंजुरीस गेलेल्या प्रस्तावाच्या निष्ठेने तो कागद जागचा हलला नाही. मग त्यांनी मध्यापासून बाहेर चकली काढावयास सांगितली, आणि सारी हयात नकला उतरविण्यात गेलेल्या या हाताने ती इतकी वळणदार काढली की, डॉक्टरांनी ती कंपाउंडरला बोलावून दाखविली. रक्त झाले, बी-बारा झाले, मेंदूचे छायाचित्र झाले. सर्वत्र शेरा एकच, निरंक.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली कंपवातावरील आपला निबंध सहा रुग्णांच्या आधारे लिहिला आणि त्यांपैकी काही तर त्याने रस्त्यावरच हेरले होते. सद्‌गृहस्थ भाग्यवान! त्याचे रुग्ण रस्त्यापलीकडून दिसत. माझा कंप मात्र मला सोडून कोणासही रुजू होत नाही, आणि फिर्यादी हाच एकमेव साक्षीदार असला की दाव्याची काय गत होते, हे मी कचेरीत पुष्कळ पाहिले आहे. आमच्या मेहुणीने वसमतच्या हळदीचे दूध सुचविले, ते मी घेतो. दूध चांगले लागते.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी, ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा मी चहा घेत ओसरीवर बसलो होतो.

"अहो, भांडे वाजायलेत, बाहेर या की!" सौभाग्यवती अंगणातून ओरडल्या.

"ते माझं चाललंय," मी म्हणालो.

"तुमच्यानं फडताळ हालतंय व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. अकरा मिनिटांनी दुसरा, ३.६ चा धक्का आला, तोवर मी अंगणात पोहोचलो होतो, आणि पायांखालचे कोणते व पायांतले कोणते, याची फाळणी करीत उभा होतो. सरकारी यंत्राने त्यांपैकी भूमीच्या वाट्याचे तेवढे नोंदवून घेतले.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथाच्या परिसरात, नामदेवांच्या कीर्तनासाठी जेथे देऊळ फिरले असे आपण मानतो तेथेच, २,६०० कोटी रुपये खर्चाची लायगो वेधशाळा उभी राहावयाची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल ती टिपणार आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी कृष्णविवरे एकमेकांवर आदळली त्याचा कंप दप्तरी दाखल करणार. अशा यंत्राला शेजार शांत लागतो, तरी मी तेथे अर्ज करावा असे माझ्या मनात आहे. एवढ्या नाजूक तराजूत माझे काहीतरी वजन भरेलच.

परवा दवाखान्यात नंबर लावून बसलो असता शेजारच्या बाकावरच्या पांगऱ्याच्या एका म्हाताऱ्याने माझी हकीकत मोठ्या अगत्याने ऐकून घेतली आणि विचारले,

"आवाज येतो का आतून?"

"आवाज नाही येत."

"मंग काही न्हाई तुम्हाला," तो म्हणाला, आणि डॉक्टरांनी नाव पुकारताच काठी टेकीत आत गेला.