नोंद आहे

नाना तुमच्याही ऑफिसात असणारच. नाव वेगळं असेल, पण भर मे महिन्यात पुण्यात स्वेटर घालून जेवायला येणारा सर्व्हर रूममधला माणूस म्हटलं, की चेहरा लगेच आठवेल. आमच्या नानांच्या काखेत शिवाय एक दोनशेपानी वही असते. ऑफिसातला प्रत्येक बिघाड तीत तारीखवार लिहिलेला. तक्रार घेऊन जा, नाना मान वर न करता म्हणणार, "नोंद आहे."

नेट बंद पडलंय, नाना. "नोंद आहे." पासवर्ड विसरलो. "मागच्या महिन्यातही विसरला होतात. नोंद आहे." कँटीनचा उपमा खारट झाला, तर आचाऱ्यानं तोंड उघडायच्या आत, "गेल्या बुधवारीही होता. नोंद आहे." एका सहकाऱ्याच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत माइक बंद पडला. सगळा हॉल नवरानवरीकडे बघत होता, मी नानांकडे. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता!

वही मी एकदा चोरून वाचली. 'साइट बंद. सगळे म्हणाले नेटवर्क. कारण: डीएनएस.' पान उलटलं. 'मेल जात नाही. सगळे म्हणाले व्हायरस. कारण: डीएनएस.' त्याखाली, 'बावीस नंबरचं पोर्ट बाहेरच्यांना बंद केलं. साहेब रागावले. उघडलं नाही.' साइटचं सर्टिफिकेट ९० दिवसांत संपायचं, म्हणून साठाव्या दिवसाची खूण भिंतीवरच्या कालनिर्णयवर, एकादशीच्या शेजारी.

नव्या पोरांचा तर छळच. एकाला फाइल उघडेना, म्हणून त्यानं अख्ख्या फोल्डरला ७७७ देऊन टाकलं. नाना त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे. "सगळ्यांना वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. मोठ्या मनाचा आहेस. नोंद करतो." पुढच्या आठवड्यात त्याच पोरानं डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहून गिटवर चढवला आणि घाईघाईनं पुसलाही. "फाइलीतून पुसलास. इतिहासात तसाच आहे. आधी पासवर्ड बदल," नाना म्हणाले. गिट त्यांना आवडतं ते याचसाठी असावं. तेही काही विसरत नाही.

दर ३१ जानेवारीला मात्र आम्हाला नानांची कथा ऐकावी लागते, सत्यनारायणाची असावी तशी, अध्यायांसकट. २०१७ साली त्या दिवशी गिटलॅबच्या एका इंजिनिअरनं रात्री उशिरा, थकल्या डोळ्यांनी, चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची आज्ञा दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचारच उरले. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या. इथे नाना थांबतात, चष्मा पुसतात. "पाचांतली एकही धड चालत नव्हती!" सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत सापडली, म्हणून निभावलं. कथा संपली की नाना आमचा बॅकअप एका रिकाम्या मशीनवर उतरवून, उघडून दाखवतात आणि मग पेढे वाटतात. पेढे चांगले असतात, एवढं कबूल करायला हवं.

कबूल करायचंच, तर आणखी एक. त्याच २०१७ च्या १४ मार्चला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक भोक बुजवणारा पॅच काढला. मार्चएंडची धामधूम, आणि नानांनी एकेक मशीन रीस्टार्ट करायला लावलं. अकाउंट्सवाले खवळले. साहेबांकडे लेखी तक्रार गेली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर त्याच भोकातून दीडशेवर देशांत शिरलं. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. आमच्याकडे त्या दिवशी काय झालं? काहीच नाही. अकाउंट्सवाल्यांनी चहा घेतला आणि चहा पुळकवणी होता म्हणून कुरकुर केली.

त्या वर्षीच्या अप्रेझलच्या फॉर्मवर 'यंदाची ठळक कामगिरी' असा रकाना होता. नानांनी लिहिलं, 'काही झालं नाही.' साहेबांना तो आळस वाटला. खाली शेरा आला, 'मार्चएंडला कामात व्यत्यय.' बढती मिळाली ती फायरवॉल खरेदी करणाऱ्याला. खोका चकचकीत होता, दिवे लुकलुकायचे, पाहुण्यांना दाखवता यायचा. त्याचा कंपनीकडून आलेला पासवर्ड पुढे नानांनीच बदलला. वहीत तेवढी एक ओळ आहे, कुणाचं नाव नाही.

नानांची एवढी चीड का यायची, ते मला आता नीटसं सांगता येत नाही. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना साहेब त्यांच्या 'दीर्घ आणि शांत' सेवेबद्दल बोलले, तेव्हा नानांनी माझ्याकडे पाहिलं. "शांत" हा शब्द त्यांना बहुधा आवडला. वह्या सगळ्या त्यांनी कपाटात लावून ठेवल्या, किल्ली मला दिली.

त्यांची जागा अजून भरलेली नाही. जाहिरातही निघालेली नाही. साहेबांच्या मते तिथे विशेष काही काम नसतं.